बॅलेचा टूटू : घोट्यावरून कमरेपर्यंत चढलेला घेर

काजबटण | शनिवार, रात्री १०:१५

गेली बावीस वर्षं मी नाचाचे पोशाख शिवते. भरतनाट्यमचे पंखे, कथकचे अंगरखे, गॅदरिंगच्या कोळिणी आणि वाघ्या-मुरळी, सगळं हातून गेलंय. दोन महिन्यांपूर्वी एक आई नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलगी दोन वर्षं बॅले शिकतेय. "मावशी, मला खरा टूटू हवाय, परीचा फ्रॉक नको," असं तिनं मला स्वच्छ सांगितलं.

आजवर टूटू म्हणून मी जे शिवत आले ते म्हणजे इलास्टिकमध्ये चुणून घातलेली नेट. तिच्या आईनं फोनवर फोटो दाखवला आणि हे वेगळंच काम आहे हे कळलं. फोटोतला घेर खाली लोंबत नव्हता. कमरेच्या खालून निघून चहूबाजूंनी आडवा, परातीसारखा उभा होता.

पहिला शिवला तो पडला. मी दहा थर घेतले, सगळे एकाच लांबीचे, आणि एकाच पट्टीत चुणून बसवले. मुलीनं घातला तर पुढून वर चढला, मागून खाली बसला. तिचा उतरलेला चेहरा मला सहन होईना. पैसे घेतले नाहीत, मुदत मागून घेतली आणि शिकायला बसले.

तर टूटूचं मर्म असं, की तो वरून लटकत नाही, खालून उचलला जातो. आधी अंगाला घट्ट बसणारी चड्डी. तिच्यावर मांडीपाशी पहिली झालर, जेमतेम दोन बोटं रुंद. तिच्यावर जराशी मोठी, तिच्यावर आणखी मोठी, असं करत सगळ्यात वरचा थर मोठ्या बाईच्या टूटूत दीड वीत भरतो. खालचे आखूड थर वरच्या लांब थरांना खांदा देतात. मधल्या एका थरात पट्टी शिवून त्यात पोलादी तारेचं कडं ओवतात. मग सगळे थर एकमेकांना सैल टाक्यांनी धरून ठेवायचे. टाका ओढला तर घेर चेपतो, फार ढिला सोडला तर थर पिंजारतात. हे टाके हातानंच घालावे लागतात, टूटू टेबलावर उलटा ठेवून, एका हाताची बोटं दोन थरांच्या मध्ये घालून. नेटच्या कडांनी माझ्या मनगटांवर बारीक ओरखडे उठलेत, अजून गेले नाहीत.

हे करताना एकच प्रश्न डोक्यात होता. एवढा खटाटोप कुणी आणि कशासाठी सुरू केला? मग वाचत गेले. जे हाती लागलं ते इथं मांडते.

अठराव्या शतकात पॅरिसच्या ऑपेरात बायका नाचत त्या दरबारी पोशाखात, जमिनीला टेकणाऱ्या जड घागऱ्यात. नाचाची सगळी कमाल पायांची आणि पाय कुणाला दिसतच नसत. मारी कामार्गो नावाची नर्तकी हवेत उडी घेऊन पाय एकमेकांवरून झपाझप पार करायची. हे काम तोवर पुरुषांचं मानलं जाई. ते दिसावं म्हणून तिनं घागरा घोट्याच्या वर घेतला. तिच्याच काळातल्या मारी साले हिनं १७३४ मध्ये लंडनला सगळा डामडौल उतरवून साध्या मलमलीच्या झग्यात, केस मोकळे सोडून नाच केला. दोघींची वाट वेगळी, पण अडचण एकच, अंगावरचा कपडा नाचाच्या आड येत होता.

ज्याला आपण टूटूचा जन्म म्हणू शकतो तो दिवस १२ मार्च १८३२. पॅरिस ऑपेरात 'ला सिल्फीद' उभं राहिलं. वनपरीच्या भूमिकेत मारी ताल्योनी, नाच बसवला तिच्या वडिलांनी, फिलिप्पो ताल्योनींनी. पोशाखाचं श्रेय यूजीन लामी या चित्रकाराला दिलं जातं. वर घट्ट चोळी, खांदे उघडे, खाली पोटरीच्या मध्यापर्यंत येणारा घंटेसारखा पांढरा झिरझिरीत घेर. ताल्योनी पायाच्या चवड्यांच्या टोकांवर उभी राहून नाचायची. तिच्या आधीही काहीजणी तसं उभं राहायच्या, पण त्यात कसरत दिसायची. हिनं त्यातून ही बाई जमिनीला जेमतेम टेकलीय असा भास उभा केला. तो भास पुरा व्हायला बोटांची टोकं दिसणं भाग होतं आणि वरचा भार दिसता कामा नये होता. घेर आखूड आणि हलका झाला तो त्यामुळे.

पुढची पन्नास वर्षं हा लांब टूटूच चालला. १८४१ च्या 'जिझेल'मध्ये, लग्नाआधी मेलेल्या मुलींची भुतं रात्री जंगलात नाचतात तिथं, तो आजही तसाच लागतो. मग मिलानहून तयार होऊन आलेल्या इटालियन नर्तकी रशियात पोचल्या आणि घेर भराभर वर गेला. १८८५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला आलेल्या व्हर्जिनिया झुकीनं तिथला लांब घागरा सरळ नाकारला. आजीला शोभेल असलं काही मी घालणार नाही, असं ती म्हणाल्याचं सांगतात. तिच्या मागून आलेल्या पिएरिना लेन्यानीनं १८९५ च्या 'स्वान लेक'मध्ये एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाच्या झटक्यावर सलग ३२ गिरक्या घेतल्या. गुडघा कसा वळतो, मांडी कुठून फिरते, सगळं दिसायला हवं होतं. पोटरीपर्यंतचा घेर त्या पायात आला असता.

म्हणून मी ठामपणे म्हणते, टूटू ही सजावट नाही. पायांनी मागितलेला कपडा आहे तो. पाय जसजसे जास्त करू लागले तसतसा तो बाजूला सरत गेला.

---

घुंगरू१०८ | शनिवार, रात्री ११:०२

ताई, काय सुरेख लिहिलंय. मी कथक करते. आमचं नेमकं उलटं आहे असं वाचताना वाटलं. आम्हाला घेर हवा असतो. चक्कर घेताना अंगरख्याच्या कळ्या उघडतात, थांबलं की अर्ध्या क्षणानं येऊन पायाभोवती लपेटतात, आणि समेवरचं ते लपेटणंसुद्धा नाचाचाच भाग आहे. कळ्या कमी घातल्या तर चक्कर कोरडी दिसते. माझ्या गुरुजी नव्या पोशाखात आधी चक्कर घेऊन बघायला लावतात, मगच पैसे द्या म्हणतात.

आणि नजर एका जागी रोवून मान शेवटी झटकन फिरवणं, हे दोन्हीकडे सारखंच आहे. त्या ३२ गिरक्यांचं चित्रीकरण बघताना मी नकळत मोजत होते.

एक विचारते. तार घातलेला घेर गिरकीत उडत नाही, मग तो करतो काय?

---

काजबटण | शनिवार, रात्री ११:३०

उडत नाही, थरथरतो. हे मला मुलीनं घालून दाखवल्यावर कळलं. ती चवड्यांवर बारीक बारीक पावलं टाकत सरकली तेव्हा पाय घाईत होते, खांदे स्थिर होते आणि मधली परात कडेकडेनं कापत होती. पाण्यावर पान तरंगावं तशी. थांबली तरी कड क्षणभर हलत राहिली. तुमच्या कळ्यांच्या लपेटण्याचं हेच भावंड असावं.

---

अण्णा_मागवाले | रविवार, सकाळी ७:२०

मी इचलकरंजीचा, तीन पिढ्या मागावर गेल्या. मला नाचातलं काही कळत नाही, कापडातलं कळतं म्हणून लिहितो.

ताईंनी नेटचा विषय काढला पण ती आली कुठून ते राहिलं. जाळी आधी हातानं व्हायची, बॉबिनवर किंवा सुईनं, लेस करणाऱ्या बाया करायच्या. वीतभर जाळीला दिवसच्या दिवस. ज्याला आपण ट्यूल म्हणतो त्याचं नाव फ्रान्सातल्या ट्यूल गावावरून. ती राजघराण्यातल्या बायकांनाच परवडे. १८०९ मध्ये इंग्लंडात जॉन हीथकोट यानं षटकोनी भोकांची जाळी करणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. आपल्या मागावर ताणा उभा, बाणा आडवा, सरळ हिशेब. त्याच्या यंत्रात बॉबिनचा धागा ताण्याच्या धाग्याला वेढा घेतो आणि तिरका पुढच्या धाग्याकडे सरकतो, पुन्हा वेढा, पुन्हा तिरका. लेसवाल्या बायकांच्या बोटांची चाल त्यानं लोखंडात उतरवली. मला विचाराल तर मागाच्या इतिहासातल्या सगळ्यात बुद्धिमान कामांपैकी हे एक.

१८१६ मध्ये लफबरो गावातला त्याचा कारखाना यंत्रविरोधी कामगारांनी रात्री फोडला. त्यानं गाव सोडलं, नैऋत्येला टिव्हर्टनला नवा कारखाना काढला आणि त्याचे बरेच कामगार घरदार घेऊन त्याच्या मागोमाग गेले. ताल्योनी नाचली ती त्यानंतर सोळा वर्षांनी. जाळी स्वस्त झाली नसती तर नाचणाऱ्यांच्या अख्ख्या रांगेच्या अंगावर ती दहा-दहा थरांनी कुणी चढवली असती?

त्या काळी टूटूत जाळीबरोबर मलमल आणि टार्लटनही असायचं. टार्लटन म्हणजे विरळ विणीचं सुती कापड, भरपूर खळ देऊन ताठ केलेलं. घाम लागला, दमट हवा आली की खळ सुटणार आणि घेर बसणार. नायलॉन आल्यावर ती पीडा गेली, कारण नायलॉनच्या जाळीला अंगचाच ताठपणा आहे. आजची स्वस्त नेट मात्र रॅशेल यंत्रावर विणलेली असते, सुरतेहून येते तीच. ताई, तुम्ही कुठली वापरलीत?

---

काजबटण | रविवार, सकाळी ९:४५

अण्णा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. पहिल्या वेळी सुरतेची मऊ नेट घेतली होती, म्हणूनही पडला. आता खालच्या सहा थरांना कडक नायलॉन आणि वरच्या तिघांना मऊ. कडक नेट कापताना कात्री बोथट होते, पण उभी राहते.

---

उत्तररात्र | रविवार, दुपारी २:१०

या पांढऱ्या घेरानं जीवही घेतलेत, ते इथं यायलाच हवं.

अण्णा म्हणतात ती विरळ, हलकी, हवा खेळती ठेवणारी कापडं म्हणजे आगीला आमंत्रणच. पॅरिस ऑपेरात १८२२ पासून गॅसचे दिवे आले. त्या उजेडामुळेच चांदण्यातल्या परीचा खेळ शक्य झाला. १८३१ च्या 'रोबेर ल दियाब्ल' या ऑपेरात मठाच्या पडवीत मेलेल्या जोगिणी उठून नाचतात, तो प्रसंग या उजेडात पॅरिसनं डोळे विस्फारून पाहिला, आणि त्यांची म्होरकी ताल्योनीच होती. पण ज्योती उघड्या असत, विंगेत, नाचणाऱ्यांच्या हाताच्या अंतरावर. लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात १८४४ च्या डिसेंबरात क्लारा वेबस्टर हिचा घेर रंगमंचावरच दिव्याला लागला. तीन दिवसांत ती गेली.

एमा लिव्री हिची गोष्ट वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही. ती ताल्योनीची शिष्या. म्हाताऱ्या होत चाललेल्या गुरूनं स्वतःहून तिला पंखाखाली घेतलं आणि १८६० मध्ये तिच्यासाठी 'ल पापियाँ' म्हणजे 'फुलपाखरू' हे बॅले रचलं. त्यातल्या फुलपाखराचे पंख मशालीच्या ज्योतीनं जळतात.

आग न धरणारं कापड तोवर निघालं होतं. कार्तेराँ नावाच्या गृहस्थाची पद्धत होती, कापड क्षारांच्या द्रावणात बुडवायचं. १८५९ मध्ये ऑपेराच्या पोशाखांना ते सक्तीचंही झालं. पण त्यानं कापड कडक आणि मळकट पिवळं पडे. कितीतरी नर्तकींनी ते झिडकारलं, एमानंही. आपल्या नेहमीच्याच घेरात नाचणार असं तिनं लिहून दिलं.

१५ नोव्हेंबर १८६२ च्या संध्याकाळी एका ऑपेराची रंगीत तालीम चालू होती. तिची भूमिका मुक्या मुलीची. बाकावर टेकताना घेर चुरगळू नये म्हणून तिनं तो दोन्ही हातांनी उचलून झटकला आणि त्याचा वारा दिव्याला लागला. ती पेटली, आणि पेटलेलीच रंगमंचावर धावत सुटली. आठ महिने यातना काढून जुलै १८६३ मध्ये गेली तेव्हा वीस वर्षांची होती. त्या पोशाखाच्या जळक्या चिंध्या ऑपेराच्या संग्रहालयात ठेवल्या आहेत.

तिला हट्टी म्हणणारे खूप भेटतात. मला तसं म्हणवत नाही. कडक, पिवळ्या कापडात तिचं वनपरी असणंच संपलं असतं. आणि उघड्या दिव्यांना जाळीचं आवरण घालणं ऑपेराच्या हातात होतं, तिच्या नव्हे.

---

काजबटण | रविवार, दुपारी ३:०५

वाचून हात थांबला. घेर उचलून झटकणं... ट्रायलला प्रत्येक मुलगी बसण्याआधी हेच करते. मीच सांगते त्यांना, चुरगळू देऊ नका म्हणून.

---

स्पष्टवक्ती | रविवार, सायंकाळी ६:३०

धागा छान चाललाय, पण मला एक टोचतंय. "पायांनी मागितलेला कपडा" हे अर्धंच खरं आहे.

'टूटू' हा शब्दच बघा. फ्रेंचमध्ये लहान मुलाच्या ढुंगणाला लाडानं 'क्यूक्यू' म्हणतात, त्यावरून तो आला असं बहुतेक कोश सांगतात. तो रूढ झाला १८८० च्या सुमारास. हा शब्द नर्तकींनी ठेवला असेल असं मला वाटत नाही. पॅरिस ऑपेरात श्रीमंत वर्गणीदारांना पडद्यामागच्या दालनात शिरायची मुभा होती. नाचणाऱ्या पोरी गरिबाघरच्या, पगार तुटपुंजे. पुढचं सांगायला नको. १८८१ मध्ये देगा या फ्रेंच चित्रकारानं चौदा वर्षांच्या नर्तकीचा मेणाचा पुतळा मांडला, त्याला खऱ्या कापडाचा टूटू नेसवलेला, खऱ्या केसांना फीत बांधलेली. ती मारी व्हान गोथेम, धोबिणीची मुलगी. समीक्षकांनी त्या पोरीला माकडाची उपमा दिली. देगाच्याच चित्रांत कडेला काळ्या कोटातले, अर्धे कापलेले पुरुष उभे असतात, ते हेच वर्गणीदार.

आपल्याकडे हे समजावून सांगावं लागत नाही. लावणीत बाईची पदन्यासावरची हुकमत एक बाब आणि पुढच्या रांगेतली नजर दुसरी. दोन्ही एकाच फडात असतात.

आणखी एक. गुलाबी मोजे, गुलाबी सॅटिनचे बूट, फिकट बॉडिस, हे सगळं गोऱ्या कातडीला जुळवून ठरलेलं. पाय कमरेपासून अंगठ्यापर्यंत एक सलग रेघ दिसावी म्हणून. मग सावळ्या मुलीची रेघ घोट्यावर तुटते, त्याचं काय? न्यूयॉर्कच्या डान्स थिएटर ऑफ हार्लेमनं १९७० च्या दशकात प्रत्येकीच्या रंगाचे मोजे रंगवून घेतले. इंग्लंडात बॅले ब्लॅक या संस्थेबरोबर फ्रीड कंपनीनं तपकिरी बूट बाजारात आणले ते २०१८ मध्ये!

---

काजबटण | रविवार, रात्री ८:५०

स्पष्टवक्ती, मान्य. मी फक्त शिवणकामाच्या बाजूनं बघत होते. कुणाच्या फायद्यासाठी आखूड झाला आणि कुणाच्या कौशल्यासाठी, हे एकाच कात्रीनं कापलं गेलं असणार. पण ३२ गिरक्या घेणारीनं त्या नजरेला पायांचं उत्तर दिलं, हेही मला सोडवत नाही.

मोज्यांचं वाचून आज एक काम केलं. मुलगी गव्हाळ-सावळी आहे. बॉडिसचे खांद्याचे पट्टे मी फिकट गुलाबी इलास्टिकचे लावले होते. उसवले. चहाच्या पाण्यात दुसरं इलास्टिक रंगवलं, तीनदा बुडवून तिच्या खांद्याशी धरून पाहिलं. आता दिसत नाहीत.

---

सीमोल्लंघन | सोमवार, सकाळी १०:१०

मी लंडनला राहते. बॅलेचा पोशाखविभाग बघायचा योग एकदा आला होता, त्यातलं मनात राहिलेलं सांगते. टूटू हँगरला उलटे टांगलेले होते, चड्डी वर आणि चोळी खाली, घेर छत्रीसारखा. सुलटा टांगला तर स्वतःच्याच वजनानं कड खाली येते. पाठीला बटणं किंवा चेन नाही, हुकांच्या दोन-तीन ओळी, म्हणजे एकच पोशाख कमीजास्त मापाच्या बायकांना चालतो. चेन ऐन वेळी तुटली तर सगळंच संपलं, एखादा हूक गेला तर बाकीचे धरतात.

चोळीच्या आत कापडी पट्ट्यांवर नावं शिवलेली होती, एकाखाली एक, आधी तो पोशाख घातलेल्या नर्तकींची. काही खोडलेली, काही धुऊन पुसट. मी बराच वेळ तेच वाचत उभी राहिले.

काजबटणताई, कारिन्स्काबद्दल तुम्ही लिहाल असं वाटलं होतं.

---

काजबटण | सोमवार, दुपारी १:४०

लिहिणारच होते! बार्बरा कारिन्स्का माझी आता देवी आहे. १८८६ ची, खारकीवची. क्रांतीनंतर देश सोडला, पॅरिस, लंडन करत न्यूयॉर्कला पोचली. सिनेमाच्या वेशभूषेसाठी तिला ऑस्करही मिळालंय. जॉर्ज बॅलन्शीन या नृत्यरचनाकारासाठी ती वर्षानुवर्षं शिवत राहिली. त्याच्या 'सिंफनी इन सी'मध्ये ढीगभर नर्तकी एकाच वेळी रंगमंचावर येतात. तारेची कडी एकमेकींना लागायची, एकीची कड दाबली की तिची दुसरी बाजू वर उठायची. १९५० मध्ये तिनं तारच काढून टाकली. थर कमी केले, टोकं असमान कापली, सैल टाक्यांनी धरली. घेर मऊ, किंचित खाली झुकलेला, पावडरच्या पफसारखा. नावही तेच पडलं.

आणि चोळी! बॉडिसच्या कुशीचे तुकडे ती उरेब, म्हणजे कापड तिरकं धरून, कापायची. उभ्या कापडाची चोळी श्वासाला आवळते, उरेब कापड श्वासाबरोबर सैलावतं आणि परत येतं. मी ब्लाऊजच्या गळपट्टीला उरेब पट्टी हजारदा लावलीय, पण बरगड्यांवर उरेब घ्यावं हे कधी सुचलं नाही. या वेळी तसं कापलं. मुलीनं दोन्ही हात वर नेऊन खोल श्वास घेतला तरी एकही हूक ताणला नाही.

---

जुनी_पेठ | सोमवार, रात्री ९:१५

मुंबईचा धागा जोडतो. 'मरणारा हंस' नाचणारी रशियन बॅले नर्तकी आना पावलोव्हा १९२२-२३ च्या आणि पुन्हा १९२८-२९ च्या दौऱ्यात भारतात आली होती, मुंबईत तिचे प्रयोग झाले. हा एकट्या बाईचा काही मिनिटांचा नाच मिखाईल फोकीननं तिच्यासाठी बसवला होता. पिसांचा टूटू, छातीवर लाल खडा, आणि जवळजवळ सगळा वेळ ताईंनी वर्णन केली तीच चवड्यांवरची थरथरती पावलं.

पहिल्या दौऱ्यानंतर तिनं १९२३ मध्ये लंडनला आपल्या अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवर एक बॅले उभं केलं. त्याच वर्षी तरुण उदय शंकर यांच्याबरोबर राधा-कृष्णाचं नृत्यही केलं. १९२८ मध्ये रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी तिला मुंबईत नाचताना पाहिलं. पुढे ऑस्ट्रेलियाच्या बोटीवर गाठ पडली, मैत्री झाली आणि रुक्मिणीदेवींनी बॅलेचे धडेही घेतले. स्वतःच्या देशाचं नृत्य शोध, असं पावलोव्हानं त्यांना सुचवलं. ताईंनी जे भरतनाट्यमचे पंखे शिवलेत ना, त्या शिवलेल्या, चुण्यांच्या पोशाखाला वळण देण्यात रुक्मिणीदेवींचा मोठा वाटा आहे. तिथंही अरमंडीत, म्हणजे अर्धं बसून उभं राहताना, गुडघे उघडले की पंखा उघडतो.

---

घुंगरू१०८ | सोमवार, रात्री ९:४०

अंगावर काटा आला. म्हणजे ताईंच्या एकाच टेबलावर दोन्ही येऊन पोचले.

ताई, टूटू दिलात का मुलीला? काय म्हणाली?

---

काजबटण | मंगळवार, रात्री १०:३०

आज दिला. आईनं मागून हूक लावले, मी कड सारखी केली. मुलगी खाली वाकून बघायला लागली, उजवीकडून, डावीकडून. म्हणाली, "मावशी, माझे पाय कुठे गेले?" घालणारीला स्वतःचे पाय दिसत नाहीत, हे माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. तिला आरशापुढे उभं केलं. मग बराच वेळ काही बोललीच नाही. चवड्यांवर चढली, उतरली, पुन्हा चढली.

कडेला डावीकडे एक टाका जरा ओढलाय, मला दिसतो. तो सोडवून देते म्हटलं तर ती काढायलाच तयार नव्हती. शेवटी आईनं समजूत घातली. रिक्षात कसा न्यायचा यावर आमची थोडी चर्चा झाली. मांडीवर उलटा ठेवून, वर ओढणी टाकून नेला.